उकिरड्याचे दैव पालटणारा साहेब

आमच्या कऱ्हाटीत घराला पुढे अंगण असो वा नसो, मागे परस असायचेच. न्हाणीचे पाणी जाते तिथे अळू, कडेला कढीपत्ता आणि शेवगा, कुंपणावर दोडक्याचा वेल आणि मधल्या जागेत वांग्याची पाच-पंचवीस रोपे. आमच्या परसाची मालकी आईकडे होती. शेत थोरले भाऊ पाहायचे, मी शाळेत शिकवायचो. पण परसातले पान तोडायचे तर दोघांनाही आईला विचारावे लागे.

२०११ च्या पावसाळ्यात तिची वांगी एकेक करून माना टाकू लागली. हुमणी लागली असणार, असे मी उभ्या उभ्या ठरवून टाकले. उसासाठी आणलेल्या पोत्यातले मूठभर फोरेटचे दाणे कागदात बांधून आणले, रोपांच्या बुडाशी टाकले आणि उरलेले चहाच्या रिकाम्या डब्यात घालून न्हाणीजवळच्या कोनाड्यात ठेवून दिले. तिसऱ्या दिवशी भावांची चार वर्षांची नात तो डबा घेऊन भातुकली खेळताना सापडली. तोंडातून लाळ गळत होती, अंगाला दरदरून घाम सुटला होता आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. तसेच उचलून तिला बारामतीला नेले. अॅट्रोपिनची इंजेक्शने, सलाईन आणि पाच दिवस दवाखान्याच्या बाकावर बसलेले आम्ही. पोर वाचली.

आई त्यानंतर कित्येक महिने स्वतःलाच बोल लावत राहिली. तिचा काही दोष नव्हता. तिने फक्त वांग्यांकडे बघ म्हटले होते. विष घरात आणण्याची अक्कल माझी. त्या पोत्यावर लाल त्रिकोण होता. कीटकनाशकांवरच्या त्रिकोणांत लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा, हे मी वर्गात फळ्यावर काढून मुलांना शिकवलेले होते.

पुढे ती मेलेली रोपे उपटली तेव्हा हुमणीचा मागमूसही दिसला नाही. मुळे काळी, लिबलिबीत झाली होती आणि मातीला गटाराचा वास येत होता. मी ते पाहिले, पण त्याचा अर्थ मला कळला नाही. तो कळला काही महिन्यांनी, पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात हाती लागलेल्या एका इंग्रजी पुस्तकामुळे. पुस्तकाचे नाव ‘अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’, साल १९४० आणि लेखक सर अल्बर्ट हॉवर्ड. सेंद्रिय शेतीचा एक आद्य प्रवर्तक म्हणून या माणसाचे नाव जगभर घेतले जाते. त्याच्या कामाची सर्वांत मोठी खूण मात्र आपल्या इंदूरच्या नावाने ओळखली जाते, आणि इंदूर म्हटले की कऱ्हाटीच्या माणसाला परके वाटत नाही. होळकरांचे आडनाव ज्या होळ गावावरून पडले ते नीरेच्या काठी, आमच्याच बारामती तालुक्यात आहे.

हॉवर्ड जन्माने शेतकरी. ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कॅसल नावाच्या लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये आणि मग केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले, पहिला वर्ग मिळवला आणि वर शेतीची पदविकाही घेतली. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजला गेले. काम होते बुरशीजन्य रोगांचे, त्यातही उसावरच्या रोगांचे. पानावरचा डाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, बुरशीचे नाव लावायचे आणि शेतकऱ्याला औषध सांगायचे, असा तो धंदा. पण एक गोष्ट या तरुणाला सतत टोचत राहिली. आपण ज्याला उपदेश करतो आहोत त्याच्याजवळ ऊस आहे; आपल्याजवळ स्वतःच्या कल्पना पारखून पाहायला एक वाफासुद्धा नाही. स्वतःच्या हाताने पीक न काढणाऱ्याने पिकाच्या रोगावर बोलावे कशाला, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला आणि आयुष्यभर सोडला नाही.

इंग्लंडला परतल्यावर वाय येथील कृषी महाविद्यालयात त्यांनी दोन-तीन वर्षे हॉप या वेलावर काम केले. बिअरला कडवटपणा आणणारे हे पीक. तिथले बागाईतदार नर वेल निरुपयोगी म्हणून काढून टाकत. हॉवर्डनी नर वेल पुन्हा लावायला सांगितले. परागण झालेली फळे लवकर भरतात आणि त्यांच्यावर रोगही कमी पडतो असे त्यांना दिसले. रोग हटवायला औषध हाच एक मार्ग नाही, झाडाला त्याचा स्वाभाविक संसार करू दिला तरी पुष्कळ फरक पडतो, ही गोष्ट तिथे त्यांच्या मनात रुजली.

१९०५ साली ते हिंदुस्थानात आले. बिहारमधल्या पुसा या गावी सरकारने नवी कृषी संशोधन संस्था काढली होती. (१९३४ च्या भूकंपात ती उद्ध्वस्त झाली आणि दिल्लीला हलली, दिल्लीतले पुसा ते हेच नाव.) त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथेई यांच्याशी त्यांचे लग्न झाले. या बाईंविषयी थोडे थांबून लिहायला हवे, कारण जगाने त्यांना नवऱ्याच्या सावलीत उभे केले. केंब्रिजला वनस्पतींच्या अन्ननिर्मितीवर महत्त्वाचे संशोधन करून त्या आल्या होत्या. पुशाला पुढची एकोणीस वर्षे दोघांनी खांद्याला खांदा लावून काम केले. गव्हावरचा १९०९ चा मोठा ग्रंथ दोघांच्या नावावर आहे आणि पुसा गव्हाच्या ज्या सुधारित जाती नावाजल्या गेल्या त्यांवर दोघांचीही मेहनत आहे. १९१३ मध्ये त्यांना सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाचे स्वतंत्र पद मिळाले. त्या काळात बाईमाणसाला असे पद ही नवलाईची बाब होती.

पुशाला हॉवर्डना पंचाहत्तर एकर जमीन मिळाली आणि इतक्या वर्षांची टोचणी संपली. आता प्रयोग करायला स्वतःचे रान होते. तिथे त्यांनी जे केले ते साहेबाच्या रुबाबात न बसणारे होते. आजूबाजूच्या खेड्यांतल्या शेतांतून ते हिंडले आणि त्यांच्या ध्यानात आले की या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांची पिके बऱ्यापैकी निरोगी आहेत, आणि तीही कोणत्याही फवारणीशिवाय. तेव्हा शिकवायला आलेल्या या माणसाने शिकायचे ठरवले. त्यांनी दोन गुरू केले, एक तिथला शेतकरी आणि दुसरी प्रत्यक्ष कीड. कीड पडली की ती मारण्याआधी ती का पडली हे विचारायचे. बी चुकीचे आहे, पेर चुकली आहे, मातीत हवा नाही की माती उपाशी आहे? कीड ही फिर्याद घेऊन आलेली असते. फिर्याद ऐकून न घेता फिर्यादीलाच मारले तर मूळ खटला तसाच राहतो. हॉवर्ड यांच्या साऱ्या विचाराचे सार मी माझ्या शब्दांत असे सांगेन.

पुशाची आणखी एक हकीकत त्यांनी आवडीने सांगितली आहे. कामासाठी त्यांनी बैलांच्या सहा जोड्या मिळवल्या, त्यांची निवड, गोठा आणि ताजी वैरण स्वतः पाहिली. शेजारच्या कुरणात लाळ्या-खुरकुताची साथ आली. कुंपणावरून आजारी गुरे त्यांच्या बैलांना नाके घासत होती, तरी बैलांना काही झाले नाही असे ते लिहितात. आज याला कोणी शास्त्रीय पुरावा म्हणणार नाही. तुलनेसाठी दुसरा कळप नव्हता, संख्या थोडी होती, आणि लाळ्या-खुरकुताला लस हाच खरा इलाज आहे. पण या अनुभवाने त्यांची श्रद्धा पक्की झाली: सकस माती, सकस पीक आणि सकस जनावर ही एकच साखळी आहे.

मात्र सरकारी संस्थेत या साखळीच्या कड्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेल्या होत्या. बियाण्याचा तज्ज्ञ वेगळा, बुरशीचा वेगळा, किड्यांचा वेगळा, मातीचा वेगळा. एकाच रोपाकडे चौघे चार बाजूंनी पाहत. हॉवर्डना हे पटेना आणि त्यांचे पटत नाही हे ते मोठ्याने सांगत; त्यामुळे मित्रांपेक्षा विरोधकच अधिक झाले. अखेर १९२४ मध्ये त्यांनी पुसा सोडले आणि इंदूरला नवी संस्था उभी केली. होळकर संस्थानाने तीनशे एकर जमीन दिली. कापूस समितीने आणि मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांनी पैसा दिला. मजुरांना ठरल्या दिवशी मजुरी आणि कामाचे बेताचे तास, हाही तिथल्या प्रयोगाचाच भाग मानला जाई.

इंदूरची माती म्हणजे आमच्या नीरेकाठासारखीच काळी, पावसात चिकट आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. तिला खाऊ घालायचे तर खत हवे, आणि खेड्यात शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात. मग उरले काय? पऱ्हाट्या, तूरकाड्या, पाला, तण, गोठ्यातला केरकचरा. चिनी शेतकरी शतकानुशतके अशा कचऱ्याचे सोने करतात हे हॉवर्डनी अमेरिकन शास्त्रज्ञ किंग यांच्या १९११ च्या पुस्तकात वाचले होते. आपल्या खेड्यातला उकिरडाही होताच. पण उकिरड्यात शेण एकीकडे, राख दुसरीकडे आणि पाला तिसरीकडे पडतो. पावसात सत्त्व वाहून जाते, उन्हात उडून जाते. हॉवर्ड आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी यशवंत वाड यांनी या उकिरड्याला शिस्त लावली.

पद्धत साधी होती. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्डा. पऱ्हाट्यांसारखा कठीण माल आधी रस्त्यावर पसरायचा, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली तो चिरडला जातो. नंतर तो गुरांखाली अंथरायचा. मग खड्ड्यात पातळ थर: मिश्र काडीकचरा, त्यावर शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख, वर पाण्याचा शिडकावा. थर तुडवायचे नाहीत, कारण आत हवा खेळली पाहिजे. काही दिवसांत ढीग इतका तापतो की हात ठेववत नाही. सुरुवातीला उष्णता ६५ अंशांपर्यंत जाते आणि तणांचे बी व रोगजंतू बहुतांशी मरतात. दोन-तीन वेळा ढीग वरखाली पालटायचा. नव्वद दिवसांत काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारे खत तयार. पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवरच ढीग लावायचा. उकिरड्याचे दैव बारा वर्षांनी पालटते म्हणतात; या दोघांनी ते तीन महिन्यांवर आणले.

१९३१ मध्ये हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने हे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेले. पुढे वाड यांनी जॅक्सन या सहकाऱ्याबरोबर शहरातल्या मैल्या-कचऱ्यावरही हीच पद्धत लावून दाखवली. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनी ही संस्था पाहिली आणि आपल्या ‘हरिजन’मधून या खताचा पुरस्कार केला. इतके असूनही हॉवर्ड यांचे नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक इतिहासात सापडते आणि वाड यांचे नाव शोधावे लागते. मराठी वाचकाने तरी ते लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण हे यश पाहायला गॅब्रिएल राहिल्या नाहीत. १९३० साली जिनिव्हात त्यांचे निधन झाले. पंचवीस वर्षांची सहकारी गेल्यावर हॉवर्ड यांचे इंदूरमधले मन उडाले आणि १९३१ मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला गेले. त्याच वर्षी गॅब्रिएलच्या बहिणीशी, लुईझशी, त्यांनी लग्न केले. याही विदुषी, जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय मजूर कार्यालयात शेतीविषयक काम पाहणाऱ्या. नवऱ्याच्या हिंदुस्थानातल्या कामाचा वृत्तान्त पुढे १९५३ मध्ये त्यांनीच लिहिला.

१९३४ मध्ये सर ही पदवी मिळालेल्या हॉवर्डनी उरलेली वर्षे प्रचारात घालवली. आफ्रिकेतले कॉफीचे मळे, आपल्याकडचे चहाचे मळे, इंग्लंडमधल्या घरामागच्या बागा इथपर्यंत इंदूरचा ढीग पोचला. अमेरिकेत रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचे मासिक काढले तेही हॉवर्ड वाचूनच. २० ऑक्टोबर १९४७ रोजी, भारत स्वतंत्र झाल्यावर दोनच महिन्यांनी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. डीडीटी तेव्हा नुकतेच घराघरांत शिरू लागले होते. त्याचे दुष्परिणाम जगासमोर मांडणारे रेचल कार्सनबाईंचे पुस्तक यायला अजून पंधरा वर्षे होती.

हॉवर्ड यांना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. रासायनिक खत घातले की पीक रोगट होतेच आणि ते खाणाराही आजारी पडतो, असे ते ठासून सांगत. इतक्या सरसकट विधानाला पुरावा मिळालेला नाही. चांगल्या मातीतल्या पिकावरही करपा येतो. नुसत्या कंपोस्टवर सगळ्या देशाचे पोट भरेल असेही नाही. श्रीलंकेने २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांची आयात थांबवली, भाताचे उत्पादन घसरले आणि काही महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. आमच्या भावांच्या उसाला आजही पोत्यातले खत पडते आणि मी त्यावर व्याख्यान देत नाही. पण जमिनीला कुजलेले काहीतरी परत द्यावे लागते, आणि मातीत पाण्याबरोबर हवाही लागते, हे त्यांचे म्हणणे काळाने खोडलेले नाही. हे आम्ही कऱ्हाटीवाल्यांनी तरी विसरू नये. नीरेचा डावा कालवा आला, पाणी मुबलक झाले आणि काही वर्षांतच काळ्या जमिनी खारवून चोपण होऊ लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या मान आणि ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारट जमिनींवर १९१० मध्येच अहवाल लिहिला होता. अति पाण्याने माती गुदमरते हा धडा हॉवर्डनीही पुनःपुन्हा सांगितला आहे.

ते वाचत होतो तेव्हा एकाएकी मला आईच्या वांग्यांची काळी मुळे आठवली. त्या पावसाळ्यात न्हाणीचा पाट बुजला होता आणि साबणाचे पाणी परसातच तुंबले होते. मुळे गुदमरून कुजली होती. ज्या किड्यासाठी मी घरात विष आणले तो किडा तिथे नव्हताच. एका टिकावाने पाट मोकळा केला असता तरी पुरले असते, आणि त्याऐवजी मी एका पोरीचा जीव टांगणीला लावला होता. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो.

घरी आल्यावर आधी पाट मोकळा केला. मग घर धुंडाळले तेव्हा कोनाड्याकोनाड्यांतून काय काय निघाले! झुरळांसाठीची डायक्लोरव्हॉसची बाटली, ढेकणांसाठी कधीकाळी आणलेली बीएचसीची पूड (तिच्यावर १९९७ पासून बंदी होती), आणि धान्यात ठेवायच्या गोळ्यांची अर्धी नळी. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस या दोन्हींवर पुढे २०२० अखेर देशात बंदी आली. पण बंदी आली म्हणून कोनाड्यातला डबा आपोआप रिकामा होत नाही. आता ज्वारी कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या कोठीत जाते. झुरळांसाठी फटी सिमेंटने बुजवल्या आणि रात्रीची खरकटी भांडी मोरीत ठेवायची बंद केली. वांग्याचा किडका शेंडा दिसला की खुडून टाकतो, माव्यावर पाण्याचा जोराचा फवारा मारतो. चार वांगी किडकी निघतात, ती खड्ड्यात जातात. शेतासाठी जे औषध आणावेच लागते ते कुलपात, मूळच्या डब्यात राहते. रिकामा डबा घरात कशासाठीही वापरायचा नाही, असा नियम आहे.

खड्डा आईने स्वतः जागा दाखवून खणवून घेतला. माझा पहिला ढीग घाण वास मारू लागला. पाणी जास्त आणि हवा कमी, म्हणजे तीच चूक पुन्हा. आईने पुस्तक वाचले नव्हते. तिने त्यात उसाचे कोरडे पाचट मिसळायला सांगितले आणि आठवड्याभरात वास गेला. आमच्याकडे तोड झाली की रानोरान पाचट पेटवतात. त्यातले दोन-चार भारे दरवर्षी मी मागून आणतो.

आई जाऊनही आता काही वर्षे झाली. तिची ती पणती पुण्याला कॉलेजात शिकते. सुट्टीत आली की ढीग पालटायचे काम तिच्याकडे असते. मागच्या उन्हाळ्यात तिने फावडे मारताच ढिगातून वाफ आली, तेव्हा ती हात मागे घेऊन हसली आणि खत एवढे तापते कशाने म्हणून विचारू लागली. मी तिला हॉवर्ड, गॅब्रिएलबाई आणि यशवंत वाड यांची गोष्ट सांगितली. चहाच्या डब्याची गोष्ट तिला ठाऊक आहे. तीही मीच सांगितलेली आहे.